दुसरं म्हणजे कुठून दुसरं?

तर मंडळी, विषय मोठा आहे, डिझाइन आणि ॲक्सेसिबिलिटी (म्हणजे साइट अपंगांनाही वापरता येणं) वगैरे, पण मी सुरुवात वाशीच्या एका काकांपासून करतो. काकांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली, वाचन मात्र सुटलं नाही. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकलंय, फुकट मिळतं, स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवतं. एका लायब्ररीच्या साइटवर (नाव सांगत नाही, उगाच भांडण) आम्ही पुस्तक शोधायला बसलो, मी हेडफोन काढून स्पीकर लावायला सांगितला, आणि काय ऐकू आलं? ‘बटन. बटन. बटन. ग्राफिक.’ संपलं! डोळस माणसाला तिथे छान भिंग दिसतं, पण त्या भिंगामागे ‘शोधा’ एवढं नाव टाकायचं राहून गेलेलं. मी म्हटलं, काका, दुसरं बटन दाबा. तर म्हणतात, ‘अरे, दुसरं म्हणजे कुठून दुसरं?’

मी गप्प.

बरं, शेवटी शोधायची चौकट सापडली. काकांनी ‘वाऱ्यावर’ टाइप केलं, निकाल शून्य. पुस्तक तर कपाटात आहे, मी स्वतः पाहिलंय! भानगड अशी की आपला हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हेने टाइप होतो, एकात नुक्ता असलेला ऱ येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. हे काकांचंच नाही हं, तुमचंही होतं, तुम्ही फक्त ‘पुस्तक नसेल’ म्हणून निघून जाता. शोधायच्या आधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची, प्रोग्रामरला सांगा, फार मोठं काम नाही.

ग्रंथालयशास्त्रातले मोठे जाणकार रंगनाथन, त्यांनी १९३१ सालीच ग्रंथालयांसाठीच्या पाच सूत्रांत लिहून ठेवलंय, वाचकाचा वेळ वाचवा. आणि आपण नवीन पुस्तकांची यादी स्कॅन करून पीडीएफ टाकतो! तो फोटो असतो हो, त्यात अक्षर नसतं, एनव्हीडीए वाचणार काय? कायद्याचं म्हणाल तर २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, अपंग वाचकांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करायची मुभा मिळाली, २०१४ मध्ये माराकेश कराराला (अंध वाचकांना अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय करार) मान्यता देणारा पहिला देशही आपणच. मुभा आहे, यादी मात्र अजून फोटोतच.

आपल्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, म्हणजे वाचकाची सवय जुनी. त्या सवयीत नवीन साइट बसवायची तर एक दिवस अशा काकांशेजारी बसा आणि हात मांडीखाली ठेवा, माउसला लावायचे नाहीत, फार अवघड जातं, मी सांगतो.

निघताना मी विचारलं, काका, साइटवर अजून काय हवं? मला वाटलं ऑडिओ बुक म्हणतील. म्हणाले, ‘आज लिफ्ट चालू आहे की नाही, तेवढं वरच्या ओळीत लिहा.’