मकावची वेस

ही पिवळी कमान म्हणजे पोर्तास दो सेर्को, मकावची वेस. पलीकडे चीन, अलीकडे 1557 पासून 1999 पर्यंत पोर्तुगीज. आज इथे फोटो काढायला गर्दी होते. 1937 मध्ये जपानने चीनवर चाल केली, 1938 च्या ऑक्टोबरात जवळचं कँटन (आजचं ग्वांगझू) पडलं आणि या वेशीतून माणसांची रीघ लागली.

1927 च्या शिरगणतीत मकावची वस्ती दीड लाखाच्या आसपास होती. 1939 मध्ये अडीच लाखांच्या घरात गेली. 1941 च्या नाताळात हाँगकाँग पडलं, तेव्हा आणखी लोक बोटींनी आले. गावात शेती नावालाच. तांदूळ, भाजी, सगळं पलीकडून यायचं, आणि पलीकडे आता जपानी बसलेले.

पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जपानी सैन्याने मकावचा ताबा घेतला नाही. पण तटस्थपणावर चूल पेटत नाही. गव्हर्नर तेशेइरा यांनी तांदळाचं काम टाकलं पेद्रो जोझे लोबो यांच्यावर. आडनाव ऐकून गोव्याचे वाटतील. गृहस्थ होते तिमोरचे, मकावच्या अर्थखात्याचे प्रमुख. मकाव कोऑपरेटिव्ह कंपनी उभी राहिली. तिच्यात चक्क जपानी सैन्याचाही वाटा! इकडून लाँचा, टेलिफोन, यंत्रं द्यायची. तिकडून तांदूळ, साखर, कडधान्य आणायचं. हाँगकाँगहून पळून आलेला विशीतला स्टॅन्ली हो याच कंपनीत नोकरीला लागला. पुढे तोच मकावच्या कसिनोंचा राजा झाला. व्यवहार धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण धक्क्यावर धान्य उतरत होतं.

टेकडीवरचं हे बेला व्हिस्ता. आज इथे पोर्तुगालचे कॉन्सुल जनरल राहतात. कमानींचा हा व्हरांडा पाहा, खाली पाणी. तेव्हा या हॉटेलात हाँगकाँगच्या पोर्तुगीज कुटुंबांची सोय केली होती. ब्रिटिश प्रजाजनांना दरमहा भत्ता मिळे तो त्यांचे कॉन्सुल जॉन रीव्ह्ज यांच्याकडून. गरीब चिनी निर्वासितांसाठी तुंग सिन तांग या धर्मादाय संस्थेची पेज होती.

सगळ्यांना ती पुरली नाही. 1942 च्या सुमारास भुकेने रस्त्यांवर प्रेतं पडली.

हे हिरवं सेंट्रल हॉटेल. इथला जुगार मात्र त्या दिवसांतही चालूच होता, आणि त्याच्या मक्त्याचा पैसा सरकारी तिजोरीत पडत होता.

ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण आला, हाँगकाँगकर परतू लागले. तेशेइरा 1947 पर्यंत गव्हर्नर होते. लोबो मकावमध्येच राहिले आणि पुढे सोन्याच्या व्यापारात गबर झाले.