युरीन बॅग रिकामी दिसतेय, आता काय करायचं?

घरी पेशंट असलेल्या लोकांचा रात्रीअपरात्री येणारा फोन म्हणजे हमखास हाच, की सिस्टर बॅगेत लघवीच येत नाहीये, किडनी बंद पडली का. तर आज मी सुरुवात तिथूनच करते, स्वच्छतेचं नंतर बोलू, ते तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं असतंच.

किडनी अशी अचानक बंद पडणं त्या मानाने कमी, बहुतेक वेळा लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीतच, म्हणजे कॅथेटरमध्येच, काहीतरी अडकलेलं असतं. त्यामुळे आधी घाबरू नका, लाईट लावा, पांघरूण बाजूला करा आणि जिथून नळी शरीराबाहेर येते तिथून बॅगेपर्यंत बोट फिरवत या. मांडीखाली दबलीय का, कॉटच्या कडेत अडकलीय का, पिळ पडलाय का, मधेच लोंबून तिचा झोळ झालाय का आणि त्यात लघवी साचून राहिलीय का. मग बॅग बघा, ती कमरेच्या पातळीच्या खाली पाहिजे कारण लघवी फक्त उतारानेच वाहते, तिला ओढणारा पंप वगैरे काही नसतो. बॅग पलंगावर पेशंटच्या शेजारी ठेवली की लघवी थांबते आणि उचलून पोटाच्या वर धरली की उलटी आत जाते, जंतूंसकट. आणि हो, पोट साफ झालंय का तेही विचारा. हे ऐकून लोक हसतात पण आतडं गच्च भरलेलं असेल तर ते मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतं, आणि निम्म्या तक्रारी एनिमा दिल्यावर गायब होतात असं मी माझ्या अनुभवाने सांगते.

हे सगळं बघूनही 2-3 तास थेंब नाही, ओटीपोट टणक लागतंय, पेशंट तळमळतोय, तर मग सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. आणि ज्यांच्या मणक्याला छातीच्या किंवा मानेच्या भागात इजा झालीय त्यांच्या घरच्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा, नळी तुंबली की त्यांचं बीपी भयंकर वाढू शकतं, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. त्यांना उठवून बसवा, नळीचा पीळ काढा, आणि लगेच हॉस्पिटल गाठा. अशा वेळी तासभर थांबून बघू हा प्रकार नाही.

आता नळीच्या बाजूने लघवी गळते, कपडे ओले होतात, तेव्हा लोक म्हणतात नळी बारीक पडली, जाड घाला. नको! जाड नळीने मूत्रमार्ग उलट जास्त दुखतो. गळण्याचं कारण एकतर नळी तुंबलीय किंवा मूत्राशय आतल्या फुग्याला वैतागून आकडी देतंय. या नळीला, म्हणजे फोलीच्या कॅथेटरला, टोकाशी एक फुगा असतो, बहुतेक वेळा 10 मिली पाण्याने फुगवलेला, त्यामुळेच ती आत टिकते. आकडीवर गोळ्या आहेत, त्या डॉक्टर देतील.

आणि म्हणूनच नळी ओढायची नाही. बिछान्यावरून उठवताना बॅग कॉटला अडकवलेलीच राहते आणि पेशंट चालायला लागतो, मग फुगलेला फुगा मूत्रमार्ग फाडत येतो, रक्त येतं, फार वाईट असतं ते. नळी मांडीला चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने बांधा, थोडी ढिली ठेवून. ज्या तोंडातून फुगा भरतात ना, रंगीत झाकणाचं, त्याला घरी कुणीही हात लावायचा नाही.

ज्यांची नळी वारंवार तुंबते त्यांनी ती दोन बोटांत हलकेच फिरवून बघा, आत वाळूसारखी कचकच लागते का. काही जंतू, मुख्यतः प्रोटियस, युरियाचं अमोनिया करतात, लघवी अल्कली होते आणि किटलीच्या तळाशी बसतो तसा क्षारांचा थर नळीत बसतो. मग वरचेवर धुवून फरक पडत नाही, बदलायचं वेळापत्रकच जवळ आणावं लागतं. सिलिकॉनची नळी कंपनीच्या सूचनेनुसार 12 आठवड्यांपर्यंत चालते, साधी लॅटेक्सची त्याहून बरीच कमी, पण तुंबणाऱ्याची त्याआधीच बदलावी लागते.

इन्फेक्शनबद्दल मात्र मला जरा भांडायचंच आहे. नळी घातली की रोज 3 ते 7 टक्के या वेगाने लघवीत जंतू शिरण्याची शक्यता असते आणि महिनाभरात ते जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. म्हणजे रिपोर्टमध्ये जंतू आले यात नवल काहीच नाही! ताप नाही, थंडी नाही, कंबर-पोट दुखत नाही, तर नुसता रिपोर्ट बघून अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने जंतू मरत नाहीत, हट्टी होतात, आणि खरंच ताप आला की मग औषध शोधत बसावं लागतं. लघवी गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यानेही नाही. ताप, थंडी वाजून येणं, म्हातारी माणसं अचानक असंबद्ध बोलायला लागणं, लघवीत जास्त रक्त, हे दिसलं तर मात्र लगेच दाखवा. आणि तपासणीला लघवी बॅगेतून देऊ नका, ती शिळी असते.

एकदा तर बॅग चक्क जांभळी झालेली बघून घरातले सगळे घाबरून जमले होते. ते काही विष नाही, बद्धकोष्ठता आणि जंतू मिळून तयार होणारे निळे-लाल रंग आहेत. दिसायला भयानक, पण डॉक्टरांना सांगा, घाबरू नका.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते. रोज साबण-पाण्याने नळीभोवतीचा भाग धुवा, डेटॉल-पावडर काही नको. पुरुषांची पुढची कातडी मागे घेऊन धुतली तर परत पुढे आणायची, विसरलं की ती सुजून अडकते. बॅग दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, हात धुऊन, तोटी कशालाही न टेकवता, आणि नळी-बॅगेचा जोड उगाच उघडू नका. पाणी भरपूर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि प्रत्येक भेटीत विचारा, नळी अजून लागतेय का? कारण बऱ्याच जणांना ती फक्त सवयीने राहते. काढल्यावर 6 तासांत लघवी झाली नाही किंवा पोट फुगलं, तर परत दाखवा, मुकाट्याने सोसत बसायचं नाही.