छह, छः की छे?

(दृश्य : दिल्लीची भाजीमंडई. आवाज : “छे रुपये, छे रुपये!”)

हिंदीतला सहा. लिहायचा ‘छह’. जुन्या छपाईत ‘छः’. आणि बोलताना ‘छे’, कुठे ‘छै’. मग लिहिलेला ‘ह’ जातो कुठे? हिंदीत ‘अ’पुढे ‘ह’ आला की त्या ‘अ’चा उच्चार ‘ए’कडे झुकतो. म्हणून ‘शहर’चं ‘शॅहर’ आणि ‘यह’चं ‘ये’ ऐकू येतं. ‘छह’चंही तेच झालं.

विसर्गवाला ‘छः’ दिसतो मोठा संस्कृत, पण संस्कृतात सहाला तो शब्दच नाही. तिथे आहे ‘षट्’. मानक हिंदीने विसर्ग काढून ‘छह’ ठरवलं, ते बरंच केलं.

(दृश्य : हस्तलिखिताची पानं)

आता ‘ष’चा ‘छ’ कसा झाला? हे काम हिंदीच्या फार आधीचं. पालीत आणि प्राकृतात ‘छ’ आहेच. बाराव्या शतकात गुजरातेत, पाटणला, हेमचंद्राचार्यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी सूत्रच दिलं : षट्, शमी, शाव, सुधा, सप्तपर्ण, या शब्दांच्या पहिल्या अक्षराचा ‘छ’ होतो. शाव म्हणजे पिल्लू. आपला ‘छावा’ त्यातलाच! सप्तपर्णाला हिंदीत छतिवन म्हणतात. आपण मात्र सातवीण.

सूत्राने नियम सांगितला, कारण नाही. अभ्यासकांचा एक तर्क इराणकडे बोट दाखवतो. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत सहा म्हणजे ‘ख्श्वश’. तसाच क-ख सारखा ध्वनी इथेही कधीकाळी आरंभी असेल, तर ‘क्ष’चा ‘छ’ होणं प्राकृताला नवं नव्हतं. क्षुरिकेची छुरी झालीच.

आणि मराठीत? तिने बऱ्याच ठिकाणी या ‘छ’चा पुढे ‘स’ केला. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. तिकडे मछली, इकडे मासळी. तिकडे बछड़ा, इकडे वासरू. तसाच छह आणि सहा, छब्बीस आणि सव्वीस. छत्तीस नि छप्पन्न मात्र दोघींकडे सारखेच. शहात्तर, शहाण्णव म्हणताना तर आपण ‘श’ही आणतो, अंकांना शिस्त लावायला कुणी गेलं नाही.

(दृश्य : गंगेचा घाट, सूर्याला अर्घ्य)

कार्तिक शुद्ध षष्ठी. बिहारमध्ये तिचा झाला ‘छठ’, देवी झाली छठी मैया. बाळाचा सहावा दिवस, तोही ‘छठी’. मराठी घरात त्याच षष्ठीची सटवाई झाली; रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाणारी.