मागे बसणाऱ्याची शिकार

नमस्कार मंडळी! आजचा विषय जरा वेगळा आहे, काहींना पटणार नाही आणि ते मला मान्य आहे, पण अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात राहणाऱ्या आपल्या लोकांनी एक गोष्ट नक्की बघितली असेल. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एका सोमवारी ऑफिसातली निम्मी खुर्ची-टेबलं रिकामी, आणि जे येतात ते दुपारनंतर डोळे चोळत. त्या सोमवारी टर्कीचा, म्हणजे कोंबडीसारख्या त्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा, स्प्रिंग सीझन (वसंतातला हंगाम) उघडतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की जेल नाहीतर जुन्या राजवाड्यातले फोटो, एवढंच डोळ्यासमोर येतं. इथे शिकार म्हणजे परमिट काढायचं, ठरलेल्या दिवसांत जायचं, वसंतात फक्त नर मारायचा (छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका असलेली मादीही चालते, पण ती क्वचितच दिसते) आणि सरकारी जमिनीवर दुपारी एक वाजता बंद म्हणजे बंद. नरच का, तर तोपर्यंत बहुतेक माद्यांचं जुळून गेलेलं असतं, त्या अंडी घालायला नाहीतर उबवायला लागलेल्या असतात, त्यामुळे काही नर गेले तरी पुढच्या पिढीला फारसा फटका बसत नाही.

आता या पक्ष्याचं असं आहे की त्याला वास जवळजवळ येत नाही पण नजर भयानक, तुम्ही नाकावरचा डास हाकलायला हात उचलला की संपलं. म्हणून त्याच्या मागे कुणी पळत नाही. झाडाला टेकून बसायचं आणि मादीचा आवाज काढून त्याला बोलवायचं. त्यासाठी लाकडी डबीवर झाकण घासायचा बॉक्स कॉल असतो, पाटीच्या चकतीवर काडी फिरवायचा स्लेट कॉल असतो, आणि तोंडात टाळूला लावायचा पडदा असतो, तो शिकताना घरच्यांचे हाल होतात हे सांगून ठेवतो.

पण खरी गंमत पुढे आहे. निसर्गात मादी नराकडे जाते, नर मादीकडे नाही. तो गॉबल करतो (म्हणजे त्याचं ते मोठ्याने गडगडत ओरडणं), पिसारा फुलवून उभा राहतो आणि अपेक्षा अशी की ती येईल. म्हणजे तुमचं बोलावणं ऐकून तो येतो, येतो, आणि साठ-सत्तर यार्डांवर थांबतो, मांडवाच्या दारात रुसून बसलेल्या नवरदेवासारखा, एक पाऊल पुढे टाकणार नाही. छऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला साधारण चाळीस यार्ड, त्यामुळे एकटा माणूस तिथे बसून नुसता घाम पुसतो, खरंतर तोही पुसता येत नाही.

इथे जोडीदार लागतो. बंदूकवाला पुढे बसतो, आवाज काढणारा त्याच्या मागे वीस-तीस यार्डांवर. नर आवाजाच्या जागेकडे डोळे लावून येतो आणि त्याच्या हिशोबाने अजून लांब असतानाच थांबतो, पण ती थांबायची जागा नेमकी पुढच्याच्या टप्प्यात असते. आणि तरीही अडून बसला तर मागच्याने हळूच उठून आणखी मागे सरकत सरकत कॉल करायचा, आवाज लांब जायला लागला की नराला वाटतं ही निघाली, आणि मग तो धावतच सुटतो. एकट्याला हे जमणारच नाही कारण तुम्ही हललात की तुम्हीच दिसणार!

माझं मत विचाराल तर शिकार मागच्याची असते. पुढच्याने फक्त डावा खांदा पक्ष्याच्या दिशेला ठेवून बसायचं (डावखुरा असेल तर उलट), बंदूक गुडघ्यावर, आणि मान वर दिसेपर्यंत श्वास धरायचा. मागच्याला बऱ्याचदा पक्षी दिसतच नाही. तो नुसत्या गॉबलवरून ठरवतो की आता गप्प बसायचं का अजून एक बारीक क्लक (मादीचा छोटा, तुटक आवाज) द्यायचा, आणि नवशिके इथेच जास्त बडबड करतात. माझा जोडीदार निवृत्त सुतार आहे, अर्धा-अर्धा तास एक आवाज काढत नाही, मला वाटतं झोपला, आणि मग नर न बोलता बाजूला येऊन उभा.

दोघं असाल तर नियम आणखी कडक. कोण कुठे बसलाय हे उजेड व्हायच्या आधी ठरवायचं, मागचा सरकणार असेल तर कुठल्या बाजूला तेही, आणि पुढच्याने त्या बाजूला बंदूक फिरवायचीच नाही. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, रुमालसुद्धा नको, कारण नराचं डोकं नेमकं त्याच रंगांचं असतं. खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावायची. तिसरा कुणी शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने ओरडून सांगायचं, पक्षी गेला तर जाऊ दे.

आणि हो, हे पक्षी इथे आपोआप उरलेले नाहीत. मिझुरीत ते जवळजवळ संपले होते, मग जंगलातलेच पकडून दुसरीकडे नेऊन सोडले, १९६० मध्ये फक्त १४ काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) सीझन परत सुरू झाला. पैसा बराचसा परमिटमधून आणि बंदूक-काडतुसांवरच्या करातून आला, तो केंद्राचा कायदा १९३७ चा.

ज्यांना जायचंय त्यांनी १९६७ किंवा नंतर जन्म असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करायचा. कपड्यांना गोचिडांचं औषध मारा. पक्षी मिळाला तर त्याच दिवशी रात्री दहाच्या आत नोंदवा. वाटणी आमच्याकडे अशी, छातीचं मांस मागे बसलेल्याला आणि तंगड्या गोळी मारणाऱ्याला, त्या इतक्या चिवट असतात की कुकरच्या सात-आठ शिट्ट्या लागतात.