आधी पहिलीचा वर्ग उघडा

प्राथमिकचे शिक्षक किती आहेत, जरा हात वर करा बघू. अरे वा, निम्मा हॉल! मग पाल्हाळ लावत नाही, मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं ते तुम्ही पाहिलंयच. मला बोलायचंय ते कुलूप कुठल्या क्रमाने निघालं त्यावर. नोव्हेंबर 2020 मध्ये नववी ते बारावी, जानेवारीत पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट, परत सगळं बंद. जुलै 2021 मध्ये कोविडमुक्त गावात आठवीपासून पुढे, 4 ऑक्टोबरला गावात पाचवीपासून, शहरात आठवीपासून. आणि पहिली? 1 डिसेंबर 2021! मुंबई-पुण्यात तर त्याच्याही नंतर. म्हणजे जून 2020 ला पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा ते दुसरीत होतं हो!

आमच्या शाळेतली एक मुलगी सांगतो. डिसेंबरात आली, मोबाईलचं लॉक खोलायला पटाईत, यूट्यूबवर पाहिजे ते बोलून शोधायची, पण पेन्सिल मुठीत धरायची, 'क' ची आधी काठी ओढायची आणि मग दोन्हीकडे काहीतरी चिकटवायची, आणि बाई बोलत असताना मधेच उठून दाराशी जाऊन उभी राहायची, कारण वर्गात बसायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आई मजुरीला, घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, बाप येणार दिवेलागणीला. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास यायचा तो मोठा भाऊ सोडवायचा, फोटो पाठवायचा, आणि आम्ही वर कळवायचो की विद्यार्थिनीचा अभ्यास पूर्ण. अशा पूर्णच्या याद्या किती भरल्यात आपण सगळ्यांनी! मला त्याचा अजून राग येतो, कारण त्या यादीत ती मुलगी कुठेच नव्हती. आणि बाई काय करत होत्या? घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन सर्वेक्षण.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. बरं, मुद्द्यावर येतो.

डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 ला उघडायला सुरुवात केली ती पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतच्या वर्गांपासून, छोटे गट, सारखे हात धुणं, जमेल तेवढं अंगणात. बरोबरच आहे ना, नववीचा मुलगा पुस्तक उघडून निदान वाचू तरी शकतो, पहिलीच्याला वाचायलाच शिकायचंय. आपण म्हटलं लहान मुलं मास्क ठेवणार नाहीत, आणि त्यांनाच शेवटी ठेवलं. गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचे आकडे बघा, तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं देशाच्या ग्रामीण भागात 2018 ला 27.3 टक्के होती, 2022 ला 20.5. मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला सेतू अभ्यासक्रम आणला, चांगलं केलं, पण जुलै 2021 मध्ये तो सुरू झाला तेव्हा प्राथमिकचे वर्ग बंदच होते!

म्हणून माझी मागणी, पुढच्या साथीसाठी क्रम आजच लिहून ठेवा. पहिली-दुसरी सगळ्यात आधी, निम्मी मुलं एक दिवसाआड, निर्णय जिल्ह्याचा नको, गावाचा, आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांना बाकी कुठलीही ड्युटी नाही. अंगणवाडीचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारा, मी थांबलोय.