ड्रायव्हर फुंडीकडे राहिला

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी बजावलंय, पाच मिनिटं आणि विषय हलका. पण गेल्या रविवारपासून आमच्या घरी अबोला आहे, माझा आणि माझ्या बारा वर्षांच्या लेकीचा. कारण एक फ्रॉक.

नाचाला सगळ्या मुलींना कांग्याचे फ्रॉक, असं आपणच ठरवलं. कांगा म्हणजे इथल्या बायका नेसतात ते रंगीत कापड, खाली स्वाहिलीत एक ओळ छापलेलं. इथे दार-ए-सलामच्या उहुरू स्ट्रीटवरून मी जांभळा आणला, चारी बाजूंनी कोयऱ्या. इथे तिला काजू म्हणतात, पण मला पंचवीस वर्षं झाली तरी कोयरीच दिसते. फुंडीने, म्हणजे शिंप्याने, कापड पसरलं, कात्री हातात धरून विचारलं, "मामा, जिना?" मामा म्हणजे बाई, जिना म्हणजे खालची ओळ. मी म्हटलं, काप, घेर नीट येऊ दे.

घरी लेकीने घेर पसरून वाचलं. मूळ ओळ होती, 'सिसी सोते अबिरिया, देरेवा नी मुंगू'. आपण सगळे प्रवासी, ड्रायव्हर देव. फ्रॉकवर उरलं, आपण सगळे प्रवासी.

"आई, ड्रायव्हर फुंडीकडे राहिला!"

मी हसले. ती नाही हसली. म्हणाली, "तू इथलं काही वाचतच नाहीस. नुसते काठ बघतेस."

खरंय हो. काठ, पदर, बुट्टे, एवढंच बघायची आपली नजर. टोमणा मारायचा तर आपण तोंड उघडतो. इथली बाई कांगा नेसते. 'हसिदी हाना सबाबू', हेवेखोराला कारण लागत नाही. हा नेसून शेजारणीच्या दारावरून एक फेरी मारली की झालं. कुणी विचारलंच तर, मला बाई रंग आवडला! मी तर एका नाताळात रंग बघून नेमका हाच कांगा आमच्या दादाला दिला होता. (इथली दादा म्हणजे ताई, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही.) दादा दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, दात दुखतोय.

झांझिबारात 1897 साली गुलामगिरी कायद्याने संपली. तोवर अंगावर साधं, कोरं मेरिकानी कापड नाहीतर काळंनिळं कानिकी असलेल्या बायकांनी त्यानंतर रंगीत कांगे घेतले. आता आम्ही कुणाच्या मालकीच्या नाही, हे त्यांनी कापडाने सांगितलं. आणि त्यावर ओळी छापायची कल्पना मोंबासाच्या कादरदिना हाजी इसाक यांची, असं सांगतात. 'माली या अब्दुल्ला' छापवाले, भारतीय वंशाचे दुकानदार. तेव्हा ओळी अरबी लिपीत असत. आज कितीतरी कांगे गुजरातमधल्या जेतपूरहून छापून येतात. म्हणजे छापणारे आपण, विकणारे आपण, न वाचणारेही आपणच.

कांगे जोडीने घ्यायचे, एक कमरेला, एक डोक्यावरून. त्यातच बाळ पाठीला बांधायचं. आपल्याकडे त्याच जोडीचं काय होतं? उशांचे अभ्रे. आणि पुण्याहून पाहुणे आले की 'आफ्रिकन थीम'. पैठणीला अशी कात्री लावाल का? बरं, पैठणीची जॅकेटं शिवतात, ठाऊक आहे मला. माझ्याकडेही एक आहे. समोरच्या रांगेत हसू नका, तुमच्याकडे दोन आहेत.

मंगळवारी परत फुंडीकडे गेले. ती पट्टी त्याने मशीनला बांधली होती, तेल पुसायला. काही न बोलता सोडून दिली. घरी दोनदा धुतली, 'मुंगू'वरचा डाग गेला नाही. लेकीला म्हटलं, शिवून देते.

"आता कुठे लावणार?" ती म्हणाली. एवढंच काय ते आठवडाभरातलं बोलणं.

रात्री आणखी एक गोष्ट डोक्यात आली. ती इथे जन्मली. 'आपण सगळे प्रवासी' हे तिच्या अंगावर मी चढवलं. माझं ठीक आहे, माझी बॅग अजून कपाटावर आहे. तिची कुठे आहे?

माझ्यानंतर मुलींचा नाच आहे. ती शेवटच्या रांगेत बसलीय, जीन्समध्ये.