एकच तास, दोन हिशेब

प्राध्यापकांच्या दैनंदिनीत चारही घटकांपुढे ‘पूर्ण’ अशी नोंद आहे. त्याच वर्गातला विद्यार्थी नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात पहिल्याच प्रश्नाशी थबकतो: वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला? पर्याय पाच. तो ‘७० ते ८४ टक्के’वर खूण करतो. खोटं कुणीच बोलत नाही. चौथा घटक परीक्षेच्या तोंडावर, स्लाइड्स भराभर पुढे सरकवत उरकला होता. सरांच्या लेखी तो शिकवून झाला, मुलांच्या लेखी नुसता दाखवून झाला.

नॅकच्या २०१७च्या सुधारित मूल्यांकन चौकटीतून आलेल्या या सर्वेक्षणात २० प्रश्नांना ० ते ४ गुण द्यायचे असतात. २१वा प्रश्न मोकळा, तीन सूचना लिहिण्यासाठी. घाईत नेमका तोच कोरा राहतो आणि अहवालात उरते सरासरी. ६० जणांच्या वर्गात ४० जणांनी ४ आणि २० जणांनी १ गुण दिला, तर सरासरी येते ३. साठही जणांनी ३ दिले तरी तेवढीच. पहिल्या वर्गात वीस मुलं मागे पडली आहेत, आणि ती बहुतेकदा बारावीनंतर इंग्रजी माध्यमात आलेली असतात. म्हणून सरासरीआधी कोणता गुण किती मुलांनी दिला, ते पाहायला हवं.

आता ही चाचणीची उत्तरपत्रिका पाहा. दहापैकी चार, खाली लाल सही. ‘पेपर दाखवले’ म्हणजे चर्चा झाली, असं शिक्षक धरतात. सहा गुण कुठे गेले, हे मात्र मुलीला कळलेलंच नाही. समासात एक ओळ पुरली असती: ‘सूत्र बरोबर, एकक चुकलं.’

‘काही शंका?’ या प्रश्नाचंही तसंच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, न बोलणारी मुलंही बोलू लागली. शांततेला ‘समजलं’ मानणं, ही आपल्याकडची फार महागात पडणारी सवय आहे.

अभिप्राय सत्राच्या शेवटी घेतला, तर त्या मुलांना त्याचा उपयोग शून्य. तो सहाव्या आठवड्याच्या सुमारास घ्यावा. कोऱ्या चिठ्ठ्या, नाव नाही, प्रश्न दोनच: कोणता मुद्दा डोक्यावरून गेला? शिकवण्यात काय बदलू? चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत शिक्षकाने वर्गाबाहेर थांबावं, कारण अंतर्गत गुण शिक्षकाच्याच हातात असतात. पुढच्या तासाला पाच मिनिटं काढून काय बदलणार, काय जमणार नाही आणि का, हे सांगावं. ते राहून गेलं, तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्याच परत येतात.